तीन नंबरची पांढरी बरणी

१

गुरुवारी सकाळी साडेदहाला स्नानविभागातून, टब भरणाऱ्या बेगाइमची किंकाळी आली, तेव्हा माझ्या हातात उकळत्या चहाची किटली होती. ती तशीच ओट्यावर आदळली आणि मी धावत सुटले. मधली जर्दाळूची बाग ओलांडली की स्नानविभाग, एवढंच अंतर. पण त्या दिवशी ती बाग संपता संपेना.

तीन नंबरच्या खोलीत आमचे बुजुर्ग पाहुणे साबिरकुल अक्साकाल टबात होते. मान एका बाजूला पडलेली, डोळे सताड उघडे, ओठांवर फेस. बेगाइमने त्यांना काखेत धरून अर्धं वर ओढलं होतं आणि ती नुसती ओरडत होती, "एजे, धर ना! आनारकुल एजे, मला पेलवत नाहीत गं!" एजे म्हणजे ताई, इथे सगळे मला तेच म्हणतात.

मी धरलं. अंग गरम होतं, पण त्यात माणूस राहिला नव्हता. तीस वर्षं मी या आरोग्यधामाच्या भोजनगृहात चहा ओततेय. म्हातारी माणसं इथे येतात, त्यातली काही जातातही. पण असे डोळे मी कधी पाहिले नव्हते. काहीतरी भयंकर दिसावं आणि सांगायला वेळच मिळू नये, तसे.

झिनाइदा पाव्लोव्हना आल्या. आमच्या स्नानविभागाच्या डॉक्टर, वय अडुसष्ट, कडक इस्त्रीचा कोट. त्यांनी नाडी पाहिली, छातीला कान लावला आणि हळूच पापण्या मिटवल्या. भिंतीवरच्या बारा मिनिटांच्या वाळूच्या घड्याळात अजून वाळू पडत होती. म्हणजे अक्साकाल टबात उतरून पुरती बारा मिनिटंही झाली नव्हती.

खिडकीच्या कठड्यावर पांढऱ्या मिठाची छोटी काचेची बरणी उघडी होती, झाकण शेजारी. आणि बरणीजवळ होता माझा निळा एनॅमलचा मग, कडेला टवका गेलेला. आता ऐका मी काय केलं ते. तो मग मी उचलला आणि एप्रनच्या खिशात घातला. भोजनगृहातली कपबशी बाहेर नेऊ द्यायची नाही असा नियम आहे, आणि अक्साकालांना तो मग रोज मीच नेऊ देत होते. परत येऊन मी तो धुतला आणि फळीवर पालथा घातला. डोकं सुन्न झालं होतं, हात आपले सवयीने चालले होते.

तासाभरात तालुक्याहून कॅप्टन शेरिएव आला. त्याने त्या पांढऱ्या बरणीतली चिमूटभर पूड काचेवर घेतली आणि तिच्यावर कसलासा थेंब टाकला. थेंबाचा रंग बदलला तसा त्याचा चेहराही बदलला.

"हे मीठ नाही," तो म्हणाला. "कुणी हात लावू नका. या बरण्या कोण सांभाळतं?"

सगळ्यांनी बेगाइमकडे पाहिलं.

२

माझ्या लेखी आंघोळीचं मीठ म्हणजे काय? गुडघ्यांसाठी समुद्री मीठ, झोपेसाठी पाइनच्या वासाचं हिरवं, बायकांच्या दुखण्यांसाठी सेजचं जांभळं. मॅग्नेशियाचं मीठ टबातही जातं आणि पोट साफ व्हायला पाण्यातून पोटातही जातं. माझी आई कोचकोरच्या खाणीतला खडा गरम पाण्यात टाकून पाय शेकायची आणि त्यातलाच तुकडा फोडून रश्श्यात घालायची. मीठ म्हणजे आपला माणूस. त्याला कुणी पायदळी तुडवत नाही.

भोजनगृहात बसून शेरिएव सांगत होता ते मीठ मात्र दुसरंच होतं.

"शहरातली पोरं ज्याला आंघोळीचं मीठ म्हणतात, ते वेगळं एजे. कारखान्यात बनवलेलं विष. आधी दुकानात टबात टाकायच्या मिठाच्या नावाखाली पुड्या ठेवायचे, म्हणजे पोलीस विचारणार नाहीत. पुडीवर लिहायचं, खाण्यासाठी नाही. नाव तेच चिकटलं. पोरं घेतात आणि भिंतीवर डोकी आपटतात. तरण्याताठ्याचं काळीज फाटतं त्याने, मग म्हाताऱ्याचं काय होणार!" त्याने चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे काय घातलंत चहात? खोकल्याचं औषध?"

"पोलिसात गेलास म्हणून जिभेला नखरे आले का रे?" मी म्हणाले. पण खरं तर तो बरोबर होता. "कालपासून दुधालाच वास येतोय. दूध दोलोतच्या गाईचं, त्याच्या बायकोला सांगणारच आहे, भांडी कशाने धुतेस बाई म्हणून."

शेरिएव पुढे बोलत होता. सोमवारपासून त्याची माणसं कुंपणापलीकडच्या वस्तीतलं एकेक घर तपासत होती. या हंगामात आमच्या सरोवराकाठी हे विष कुणीतरी विकत होतं, एवढी खबर होती. "शोधत होतो वस्तीत आणि सापडलं इथे. बरणीवर ठसे त्या पोरीचे आणि म्हाताऱ्याचे, तिसऱ्या कुणाचे नाहीत."

"अरे, ती रोज पुसते त्या बरण्या! तिचे नसतील तर काय माझे असतील?"

"किल्ली तिच्याकडे, बरणी तिची, रोगी तिचा. उद्या सकाळी काराकोलच्या कोठडीत नेतोय. लहान पोरगी आहे ना तिला? कुणाकडे ठेवायची ते बघून ठेवा. ती शाळा संपवेल तेव्हा आई बाहेर येईल."

पोरगी चार वर्षांची, एलनुरा. बाप रशियात कामाला गेला तो गेलाच. ती रोज दुपारी माझ्या ओट्याखाली बसून तळलेल्या पिठाचे बोरसोक खाते आणि पिठाचे हात माझ्या झग्याला पुसते.

"कॅप्टन," मागून आवाज आला, "माझ्यासमोर तू परीक्षेला बसला होतास तेव्हाही अशीच घाई केली होतीस."

दारात क्लारा ओस्मोनोव्हना उभ्या होत्या. अंगात आरोग्यधामाचा झगा, हातात काठी. राजधानीतल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेली बाई, आता निवृत्त. गुडघ्यांसाठी दोन नंबरच्या खोलीत रोज टबात बसायची. शेरिएव ताडकन उभा राहिला.

"मला संध्याकाळपर्यंत माणसांशी बोलू दे," त्या म्हणाल्या. "फक्त बोलणार आहे. तुझं काही नेत नाही."

३

बेगाइमला कपड्यांच्या खोलीत बसवलं होतं. क्लारा ओस्मोनोव्हना मला घेऊन आत गेल्या, तिच्यासमोर स्टुलावर बसल्या आणि खिशातून कुरुतचे दोन गोळे काढले, सुकवलेल्या दह्याचे, खारट. एक तिला दिला, एक स्वतः चघळायला घेतला.

"रडून झालं का? मग सांग. तू टबात मीठ कुठून घालतेस? बरणीतून?"

"नाही ओ. मागच्या खोलीतल्या पोत्यातून, पत्र्याच्या मापाने. बरण्या नुसत्या शोभेच्या आहेत. मागच्या वसंतात तपासणी आली होती तेव्हा झिनाइदा पाव्लोव्हनांनी मांडल्या. पाहुण्यांना आवडतात. मी वरून पुसते, उघडत कधीच नाही."

"हे कोणाला माहीत आहे?"

"इथे काम करणाऱ्या सगळ्यांना."

"आज अक्साकाल काय म्हणाले?"

बेगाइमने नाक पुसलं. "काही नाही. मी पाणी सोडत होते. ते कठड्याशी उभे राहून बरण्या बघत होते. म्हणाले, 'पोरी, मीठ बदललंस वाटतं? हे बारीक आहे. चांगलं केलंस.' मला वाटलं म्हातारं माणूस, काहीतरी बोलतंय. मी म्हटलं, हो हो अक्साकाल, घड्याळ उलटं केलंय, बसा तुम्ही. आणि टॉवेल आणायला गेले." तिचा आवाज चिरकला. "मी वळूनही पाहिलं नाही, एजे!"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या मगाबद्दल बोलायला हवं होतं आणि मी गप्प बसले. नोकरी जाईल, एवढंच मनात आलं. लाज वाटते सांगायला, पण आलं खरं.

झिनाइदा पाव्लोव्हना स्वतःच्या खोलीत वहीवर वही रचत होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझ्या विभागात!" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांत डाग नाही, आणि आता माझ्या विभागात!"

"बरण्यांत तुम्ही काय भरलं होतं?"

"चांगलंच मीठ, स्वतः आणलेलं. हिरव्यात पाइन, जांभळ्यात सेज, पांढऱ्यात नीलगिरीचं तेल मुरवलेलं. खडीसाखरेसारखे जाड खडे. ओंजळभर एकेकात, बरण्याच तेवढ्या."

"आज पांढऱ्या बरणीला वास होता?"

त्यांनी हातातली वही खाली ठेवली. "नव्हता," म्हणाल्या. "देवा, नव्हता. माझ्या लक्षातच आलं नाही."

"विभाग शेवटचा कधी बंद होता?"

"मंगळवारी, साफसफाईचा दिवस. पाहुणे नसतात. मी होते, बेगाइम होती, आणि नळ धुवायला दोलोत. तिघांकडेच किल्ल्या. आणि तिघंही आपापल्या वेळी एकेकटेच होतो, माझ्यासकट. लिहून घ्या हवं तर."

दोलोत बाहेर पाइप आवळत होता. आमचा नळवाला, चाळिशीचा, सगळ्यांच्या अडीनडीला धावणारा. बेगाइमच्या खोलीतली शेगडी त्यानेच बसवून दिली होती. त्याचे डोळे लाल झाले होते.

"एजे, तिला काही खायला दिलंत का?" त्याने आधी मला विचारलं. मग क्लारा ओस्मोनोव्हनांना म्हणाला, "मी मंगळवारी खाली वाकून नळ धुतो. बरण्यांकडे कोण बघतंय? पण बेगाइम असं करणार नाही. हे शेरिएवला कोणीतरी सांगा."

मला त्याच्याबद्दल इतकं भरून आलं की मी त्याच्या हातात बोरसोक कोंबले.

४

तीन वाजता शेरिएव परत आला आणि त्याने जे सांगितलं त्याने उरलासुरला धीर सुटला. विष टबाच्या पाण्यात नव्हतंच. ते अक्साकालांच्या पोटात होतं.

"म्हणजे तिने खाऊ घातलं," तो म्हणाला. "म्हाताऱ्याने बरणी ओळखली, बोलूनही दाखवली. 'मीठ बदललंस' म्हणाला, ती स्वतःच सांगतेय. म्हणून तोंड बंद केलं."

"आणि मग स्वतःच सांगत बसली, म्हाताऱ्याने मला ओळखलं म्हणून?" क्लारा ओस्मोनोव्हना म्हणाल्या. "डोकं घरी ठेवून आलास का? कशातून खाऊ घातलं? खोलीत खाण्याचं काही होतं?"

"नव्हतं. तेच तर कळत नाही. पण काढून घेऊ तिच्याकडून."

'काढून घेऊ' हा शब्द मी ऐकला. एलनुरा ओट्याखाली बसून चमच्याने वाडगा बडवत होती. मी फळीवरचा निळा मग काढला आणि त्या दोघांसमोर टेबलावर ठेवला.

"हा होता खोलीत," मी म्हणाले. "मीच उचलला. मीच धुतला. मला काय शिक्षा करायची ती करा."

शेरिएव लालबुंद झाला. "धुतलात? एजे, तुम्ही पुरावा धुतलात?"

"ओरडू नकोस," क्लारा ओस्मोनोव्हना म्हणाल्या. "आनारकुल, यात काय होतं?"

"चहा. दूध घातलेला. रोज दहाला."

"मीठ?"

तो प्रश्न छातीत खिळा ठोकावा तसा घुसला.

"नाही," मी म्हणाले. "त्यांच्या वहीवर दहा नंबर लिहिला होता. काळजाच्या रोग्यांचं जेवण, मीठ वर्ज्य. ते आत-बाशीचे, घोडे राखणारे. तिकडे दुधाच्या चहात मीठ असतंच, जन्मात कधी बिनमिठाचा चहा प्यायले नव्हते. पहिल्याच दिवशी म्हणाले, 'लेकी, यात मीठ विसरलीस.' मी म्हटलं, विसरले नाही अक्साकाल, डॉक्टरांनी काढून घेतलंय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, 'एक चिमूट टाक, कोणाला सांगणार नाही.' मी हसले. सगळ्यांसमोर म्हटलं, चोऱ्या शिकवता का मला या वयात? टेबलं हसली. तेही हसले. मला वाटलं, मीठ नाही तर निदान आपल्या मर्जीने कुठेतरी बसून तरी पिऊ देत. म्हणून मग बाहेर नेऊ देत होते."

"माझ्याकडून रोज कुरुत मागून घ्यायचे," क्लारा ओस्मोनोव्हना हळूच म्हणाल्या. "चघळायचेसुद्धा नाहीत, नुसतं चोखायचे. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

"म्हणजे..." शेरिएव मगाकडे बघायला लागला.

"म्हणजे कोणी काही खाऊ घातलं नाही. मिठासाठी तरसलेला माणूस चहाचा मग घेऊन खोलीत आला. समोर तीन बरण्या. हिरवं-जांभळं मीठ चहात कोण घालेल? पांढरं दिसलं, बारीक दिसलं, वास नव्हता. त्याने बापड्याने झाकण उघडलं, चिमूट घातली, बोटाने ढवळलं आणि पिऊन टाकलं. कडू लागलं असेल, पण इथे सगळंच कडू लागतं. मग टबात उतरला."

एका चिमटीसाठी! मी तोंडावर एप्रन धरला आणि रडले. समोर पोलीस बसलाय याचं भान मला राहिलं नाही.

"पण बरणीत विष ठेवलं कोणी?" शेरिएवने विचारलं. "ते अजून तिच्याच माथी आहे."

५

"आनारकुल, रडणं नंतर," क्लारा ओस्मोनोव्हना म्हणाल्या. "एक आठव. याआधी ते मिठाबद्दल आणखी काही बोलले होते?"

मी नाक शिंकरलं आणि आठवलं. "सोमवारी. तो निळा मग परत द्यायला आले तेव्हा म्हणाले, 'तुमच्या बरणीतलं मीठसुद्धा औषधाचं आहे लेकी, नाकाजवळ नेलं आणि तीन शिंका आल्या.' मी म्हटलं, बरं झालं, अद्दल घडली."

"छान. म्हणजे सोमवारी पांढऱ्या बरणीत झिनाइदाची नीलगिरी होती आणि गुरुवारी नव्हती. मंगळवारी बदल झाला. सोमवारी तुझी माणसं वस्तीत घरं तपासायला लागली, शेरिएव. ज्याच्या घरात माल होता तो घाबरला. पुडी कुठेही ठेवली तरी पुडीच दिसते. पण पांढऱ्या शोभेच्या बरणीत सुटा ओतला तर मीठ दिसतं, आणि ती बरणी इथला कोणी उघडत नाही हे त्याला माहीत. पाहुणा उघडेल आणि तेही चहासाठी, हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. नळवाल्यांचे रबरी हातमोजे असतात, डॉक्टरांचेही असतात. म्हणून ठशांवर मी वेळ घालवत नाही. मी दुसराच प्रश्न विचारते. बरणीतलं जुनं मीठ कुठे गेलं?"

"फेकलं असेल. मोरीत," शेरिएव म्हणाला.

"झिनाइदाने फेकलं असतं. शहरातली बाई. बेगाइमने मागच्या पोत्यात मिसळलं असतं. मग ते पोतं नीलगिरीने घमघमलं असतं, आणि मी काल त्याच मिठात बसले होते, वास नव्हता. आता हे दूध मला जरा दे, आनारकुल."

मी पातेलं पुढे केलं. त्यांनी नाक जवळ नेलं, डोळे मिटले आणि पातेलं शेरिएवकडे सरकवलं.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि वाटलं की नसतं कळलं तर बरं झालं असतं. बुधवारपासूनचा वास. खोकल्याच्या औषधाचा. भांडी धुण्याचा साबण नव्हता तो.

"नाही," मी म्हणाले. "नाही हो. दोलोत? त्याने तिची शेगडी बसवली..."

"गाय जे खाते ते दुधात उतरतं," क्लारा ओस्मोनोव्हना म्हणाल्या. "शेरिएव, जा. गोठ्यातली मीठ चाटायची लाकडी डोणी बघ."

तो पळाला. कुंपणापलीकडे तर घर. अर्ध्या तासात परतला तो दोलोतला पुढे घालूनच. हातातल्या रुमालात चाटून चाटून गुळगुळीत झालेले पांढरे खडे होते. रुमाल उघडल्याबरोबर सगळ्या भोजनगृहात नीलगिरी पसरली. झिनाइदा पाव्लोव्हना दारात उभ्या होत्या. त्यांनी एक खडा उचलला आणि म्हणाल्या, "माझं आहे."

दोलोत खाली बघत होता. मी त्याच्यासमोर गेले. मला वाटलं होतं मी त्याला थोबाडीन. हातच उचलला गेला नाही.

"ती आत रडत होती रे," मी म्हणाले. "तू मला विचारलंस, तिला खायला दिलंत का. कसं विचारवलं तुला?"

"मला वाटलं सोडतील तिला," तो म्हणाला. "तिच्यावर काही सिद्ध होणार नाही असं वाटलं. दोनच दिवस ठेवणार होतो तिथे, एजे. पोलीस गेले की काढून घेणार होतो. हंगामात दोन पोरांना द्यायचो, बाहेरच्या. इथल्या कुणाला कधी दिलं नाही."

"आणि ते मीठ? मोरीत टाकायचंस ना! कोणाला कळलं असतं?"

त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. खरोखर नवल वाटल्यासारखं पाहिलं, मीच काहीतरी भलतंच बोलले असावे तसं.

"मीठ, एजे?" तो म्हणाला. "मोरीत? पायाखाली? असं कसं टाकणार?"

दुसऱ्यांच्या पोरांना विष विकताना या माणसाचा हात कापला नाही. ओंजळभर मीठ सांडताना कापला.

६

त्याच संध्याकाळी बेगाइम बाहेर आली. एलनुराने तिच्या गळ्याला मिठी मारली ती झोपेतही सोडली नाही. झिनाइदा पाव्लोव्हनांनी उरलेल्या दोन्ही बरण्या स्वतःच्या हाताने कपाटात बंद केल्या. माझी नोकरी गेली नाही. शेरिएवने त्याच्या कागदात मगाबद्दल काय लिहिलं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

अक्साकालांच्या चाळिसाव्या दिवसाला आम्ही दोघी आत-बाशीला गेलो. बेगाइम म्हणाली मी येणारच. झिनाइदा पाव्लोव्हनांनी सांगून टाकलं होतं, तो निळा मग आता यादीत नाही, म्हणून तो मी फडक्यात गुंडाळून घेतला. सहा तासांच्या रस्त्यात मी मनाशी घोकत होते काय बोलायचं ते. चांगले गेले. कुणाला त्रास दिला नाही. सगळ्यांना आवडायचे. एवढं पुरे होतं.

त्यांची बायको सोनुनबुबु लहानखुरी, वाकलेली. पोलिसांनी तिला सगळं सांगितलं होतं, बरणी, दोलोत, विष. तिने आधी बेगाइमला जवळ घेतलं. "तुझ्यावर आळ आला होता ना गं पोरी," म्हणाली, "माझ्या म्हाताऱ्यापायी." बेगाइम तिच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. पाहुणे पांगल्यावर आम्हाला आतल्या खोलीत बसवून तिने चहा मांडला. मी तो निळा मग काढून तिच्यापुढे ठेवला.

तिने तो हातात घेतला, टवक्यावरून अंगठा फिरवला.

"यातून प्यायचे?"

"हो."

"एक कळत नाही मला," ती म्हणाली. तक्रार नव्हती, खरंच कळत नव्हतं. "ते बरणीतलं मीठ घ्यायला का गेले असतील? तिथे चहा देणारी कोणी होती ना? तिने घातलं नसेल का?"

बेगाइमने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. त्या घरात मी कोण ते अजून कोणी विचारलं नव्हतं. आरोग्यधामातल्या, एवढंच. घोकलेलं सगळं जिभेवर तयार होतं.

"ती मीच," मी म्हणाले. "ते मागत होते. पहिल्या दिवशी मागितलं, दुसऱ्या दिवशीही मागितलं. मी दिलं नाही. वर हसले. सगळ्यांसमोर."

सोनुनबुबुचा अंगठा त्या टवक्यावर फिरत होता. मला वाटलं आता ती उठेल आणि दार दाखवेल, आणि मी जाईन, आणि तेच योग्य होईल.

तिने किटली उचलली आणि त्या निळ्या मगात चहा ओतला. लाकडी डबीतून चिमूटभर मीठ घेतलं, घातलं आणि चमच्याने तीनदा ढवळलं. मग दोन्ही हातांनी माझ्यापुढे केला.

"घे," ती म्हणाली. "त्यांना असा आवडायचा."